वार्षिक पासाचा हिशेब

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाच्या खिशात घराची किल्ली एखादे दिवशी नसेल, पण रेल्वेचा पास असतोच. बँकेतील माझी तीसहून अधिक वर्षे या पासाच्या सोबतीने गेली. त्या काळात पासाचे एक गणित ध्यानात आले. उपनगरी रेल्वेचा तिमाही पास मासिक पासाच्या २.७ पट दराने मिळतो, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. आकडे कागदावर मांडले, की तिन्हींतील सवलत एकच निघते: दहा टक्के. वर्षभराचे पैसे एकरकमी भरणाऱ्याला तीन महिन्यांचे भरणाऱ्यापेक्षा एक पैसाही अधिक सूट नाही. उलट उरलेल्या नऊ महिन्यांचे व्याज त्याच्या हातून जाते.

तरीही वार्षिक पास काढणारे काढतात, आणि त्यांचे सर्वस्वी चुकते असेही नाही. खिडकीपुढची रांग टळते. मध्येच भाडेवाढ झाली, तर ती जुना पास संपेपर्यंत अंगावर येत नाही. जून २०१४ मध्ये भाडेवाढ जाहीर झाली तेव्हा ती लागू होण्यापूर्वी पास काढून ठेवण्यासाठी खिडक्यांवर उडालेली झुंबड अनेकांना आठवत असेल. मात्र ज्याची बदली दुसऱ्याच्या हाती आहे, त्याने वार्षिक पासाच्या वाटेला जाऊ नये, असे मी कनिष्ठ सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे.

सप्टेंबर २०२२ मध्ये रेल्वेने आणखी एक सोय केली. प्रथम वर्गाचा पास असलेल्या प्रवाशाला केवळ भाड्यातील फरक भरून तोच पास वातानुकूलित लोकलच्या पासात बदलून घेता येऊ लागला. आमच्या मार्गावर त्याआधी महिनाभरच वातानुकूलित गाड्यांवरून कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांचा उद्रेक होऊन दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या होत्या, त्यामुळे या सोयीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. मला मात्र तिच्यातील तत्त्व आवडले. आधी खालचा पास घ्यावा, गरज पटली तर फरक भरून वर जावे. वरून खाली येताना फरक परत देणारी संस्था माझ्या पाहण्यात नाही.

हे तत्त्व पुढच्या चार-पाच महिन्यांतच, आणि तेही रेल्वेऐवजी एका मनोरंजन उद्यानाच्या पासासाठी उपयोगी पडेल, अशी कल्पना तेव्हा नव्हती.

जानेवारी २०२३ च्या अखेरीस आम्ही उभयता मुलाकडे पाच महिन्यांसाठी गेलो. तो दक्षिण कॅलिफोर्नियात फुलर्टन येथे राहतो. शेजारच्या ब्यूना पार्कमध्ये जैन मंदिर आहे, आणि दुसऱ्या बाजूला अनाहाइममध्ये डिस्नीलँड. पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी घोषणा केली, की पाचही जणांचे डिस्नीलँडचे वार्षिक पास काढायचे, आणि तेही सर्वांत वरचे. नात त्या वेळी सहा वर्षांची होती. तिने उडी मारली. सूनबाई काही बोलल्या नाहीत. बँकेत पस्तीस वर्षे कर्जदारांचे चेहरे वाचल्यामुळे ते न बोलणे मला ऐकू आले.

डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. आरंभी फाटकाचे शुल्क वेगळे आणि प्रत्येक खेळण्याचे कुपन वेगळे, अशी पद्धत होती. ‘ए’पासून ‘ई’पर्यंत कुपनांच्या प्रती असत, ‘ई’ कुपन १९५९ मध्ये आले आणि ते सर्वांत मोलाचे. १९८२ मध्ये कुपने बंद होऊन एका तिकिटात सारे, असा व्यवहार रूढ झाला. करोनाच्या काळात उद्यान तेरा महिन्यांहून अधिक बंद राहिले. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने जुनी वार्षिक पास योजनाच गुंडाळली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘मॅजिक की’ नावाने नवी आणली. या योजनेची विक्री कंपनी मनाला येईल तेव्हा उघडते आणि बंद करते. मुलाची घाई त्यामुळेच होती.

आम्ही गेलो तेव्हा पासाच्या चार पायऱ्या होत्या. इमॅजिन ४४९ डॉलर, एन्चांट ६९९, बिलीव्ह १,०९९ आणि इन्स्पायर १,५९९. सर्वांत खालचा इमॅजिन फक्त दक्षिण कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मिळे आणि बहुतेक शनिवार-रविवार व सुट्यांना तो चालत नसे. सर्वांत वरचा इन्स्पायर नाताळचे थोडे दिवस सोडता जवळजवळ वर्षभर चाले. शिवाय वाहनतळाचे शुल्क माफ. लहान मुलांचे एका दिवसाचे तिकीट काही डॉलरने स्वस्त असते, पण पासाला वयाची सवलत नाही. तीन वर्षे पूर्ण झाली, की मोठ्यांइतकेच पैसे. पाच इन्स्पायर म्हणजे ७,९९५ डॉलर. तेव्हाच्या दराने साडेसहा लाख रुपयांहून अधिक.

मुलगा म्हणाला, “बाबा, एकदम कुठे द्यायचेत? कॅलिफोर्नियातल्या लोकांना मासिक हप्ते आहेत, आणि व्याज शून्य.”

शून्य व्याज हा शब्द ऐकला, की निवृत्त बँक अधिकाऱ्याची झोप उडते. व्याज शून्य असले तरी करार शून्य नसतो. बारा महिने तो हप्ता जायचाच, मग मूल आजारी पडो वा नोकरी जावो. त्या हिवाळ्यात मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली होती. मुलाच्या परिचयातील दोघे घरी बसले होते, आणि त्याच्या डोक्यावर घराचे नवे कर्ज होते. हे सारे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. आई-वडील इतक्या लांबून येतात आणि चार भिंतींत बसून परत जातात, ही बोच त्याला मागच्या खेपेपासून लागली होती. हे त्याने सांगितले नाही, त्याच्या आईला ते कळले. तेव्हा नुसते ‘नको’ म्हणून भागणार नव्हते.

मी वही काढली. पहिला प्रश्न एवढाच विचारला, की कोण, कोणत्या वारी, कितीदा जाणार? मुलगा म्हणाला, दर शनिवारी. मग दिनदर्शिका समोर ठेवून आम्ही शनिवार मोजले. नातीची पाठशाळा, पोहण्याचा वर्ग, मंदिरातील कार्यक्रम, पाहुणे, त्याची कार्यालयीन कामे वजा जाता वर्षातून जेमतेम बारा उरले. त्यांतही पावसाचे आणि कंटाळ्याचे धरलेले नव्हते. इमॅजिनहून इन्स्पायरला जाण्यासाठी माणशी १,१५० डॉलर अधिक मोजायचे, ते या बारा शनिवारांसाठी. म्हणजे दर शनिवारी माणशी सुमारे ९६ डॉलर. तेव्हा एका दिवसाचे एका उद्यानाचे तिकीट गर्दीप्रमाणे १०४ ते १७९ डॉलर होते. बारापैकी चार शनिवार जरी बुडाले, तरी हा फरक शनिवारी साधे तिकीट काढण्याइतकाच महाग पडला असता.

वाहनतळाचा मुद्दा त्याने नंतर काढला. शुल्क होते तीस डॉलर. इन्स्पायरला ते पूर्ण माफ, इमॅजिनला पंचवीस टक्के सूट. म्हणजे वरच्या पासाने दर खेपेला साडेबावीस डॉलर अधिक वाचतात. फरकाचे १,१५० डॉलर केवळ त्यातून वसूल करायचे, तर बावन्न वेळा गाडी घेऊन जायला हवे. शिवाय गाडी एक आणि पास पाच. वाहनतळाची माफी एका गाडीला एकदाच मिळणार, उरलेल्या चार पासांवरील ती सोय वाया. हे ऐकून सूनबाई पहिल्यांदा हसल्या.

शेवटी ठरले ते असे. फेब्रुवारीत एका आडवारी मुलाने रजा घ्यायची, पाचही जणांची साधी तिकिटे काढायची आणि दिवसभर उद्यान पाहायचे. वापरलेल्या तिकिटाची किंमत पासात वळती करून घेता येते. मात्र हे काम त्याच दिवशी, उद्यानातून बाहेर पडण्यापूर्वी करावे लागते. दुसऱ्या दिवशी त्या तिकिटाचे मोल शून्य. तेव्हा संध्याकाळी, पाय दुखू लागल्यावर, कोणाला पुन्हा यावेसे वाटते ते विचारायचे आणि त्यांचाच फरक भरायचा. सकाळच्या उत्साहात काढलेला पास आणि सायंकाळच्या थकव्यात काढलेला पास यांत दुसरा अधिक विश्वासार्ह, असे माझे मत आहे.

तिकिटे मोठ्यांना ११४ डॉलर पडली. संध्याकाळी सौभाग्यवतींनी गुडघ्यावर हात ठेवून सांगितले, “मला पुन्हा आणू नका, मी पाहिले.” मुलाने स्वतःहून माघार घेतली; आठवड्याच्या दिवसांत त्याला वेळ नव्हताच. सूनबाई शुक्रवारी दुपारनंतर मोकळ्या असत आणि आम्ही परतल्यावर मुलीला त्याच आणणार होत्या. त्यांच्यासाठी आणि नातीसाठी इमॅजिन घेतला. सूनबाईंचा फरक ३३५ डॉलर. नातीचे तिकीट स्वस्त, म्हणून तिचा फरक तेवढाच जास्त. मी रहिवासी नसल्याने मला इमॅजिन मिळत नव्हता. एन्चांटसाठी मी ५८५ डॉलर भरले, माझ्या कार्डावरून आणि एकरकमी. त्यावर मुलाने थोडा वाद घातला. पण वडिलांच्या पासाचे हप्ते मुलाने भरावेत, हे मला मान्य नव्हते. तिन्ही पास मिळून १,५९७ डॉलर झाले. एका इन्स्पायरपेक्षा दोन डॉलर कमी.

त्यानंतरचे चार महिने कसे गेले, ते सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. मुलगा लहान असताना, नव्वदच्या दशकात, आम्ही त्याला गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेले होते. १९८९ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्यानाचे तेव्हा मोठे अप्रूप होते. अंबरनाथहून पहाटे निघायचे, लोकल, मग पुन्हा लोकल, मग होडी. तिकीट अंगाला झोंबणारे, म्हणून फाटक उघडल्यापासून बंद होईपर्यंत प्रत्येक पाळण्यात बसलेच पाहिजे, असा आमचा निर्धार. शेवटच्या तासाला मुलगा रडत होता आणि आम्ही त्याला रांगेत उभे करीत होतो. एका दिवसाचे तिकीट माणसाला असे वागायला लावते.

पास हाती असला, की ही वसुलीची घाई नाहीशी होते. नातीची शाळा अडीचला सुटे. हार्बर बुलेवार्डवरून जाणारी बस फुलर्टनहून थेट डिस्नीलँडच्या फाटकाशी सोडते, त्यामुळे वाहनतळाचा प्रश्नच उरला नाही. आम्ही दोघे आजोबा-नात साडेतीनपर्यंत आत असू. कधी फक्त उद्यानाला फेरी घालणाऱ्या आगगाडीत बसायचे. तिला ती आवडे कारण ती गाडी होती, आणि मला आवडे कारण तीत बसायला जागा मिळे. कधी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची नाव, ती मुळात न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली आणि १९६६ पासून इथे आहे. मार्चमध्ये टूनटाउन हा मुलांचा भाग पुन्हा उघडला, तेव्हा तीन खेपा केवळ तिथल्या हिरवळीवर धावण्यात गेल्या. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देतात, ही आपल्यासारख्यांना फार मोठी सोय. डब्यात दशम्या आणि खाकरे असत. सूर्यास्तापूर्वी परतायचे असले, तरी काही बुडाल्याची हळहळ वाटत नसे. राहिलेले पुढच्या आठवड्यात पाहता येई.

एक शिस्त मात्र पाळावी लागे. पास असला तरी त्या दिवसाचे आरक्षण आगाऊ करावे लागते, आणि इमॅजिनवर एका वेळी दोनच आरक्षणे ठेवता येत. येणे जमत नसेल तर आदल्या रात्री बारापर्यंत रद्द करायचे. नव्वद दिवसांत तीनदा न कळवता गैरहजर राहिल्यास महिनाभर नवे आरक्षण बंद. नातीला दोनदा ताप आला. दोन्ही वेळा रात्री अकराला आठवणीने रद्द केले. हे काम घरात माझ्याकडे होते.

जूनअखेर निघेपर्यंत मी एकूण चौदा वेळा गेलो. पहिला दिवस धरून खेपेला सुमारे पन्नास डॉलर पडले, आणि पासाचे आठ महिने न वापरता सोडून दिले. वर्षाचा पास पाच महिन्यांच्या पाहुण्याला परवडतो का, तर आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला परवडतो. महिन्यातून एकदा जाणाऱ्याने तिकीट काढावे.

आम्ही परतल्यावर सूनबाई आणि नात पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सहा वेळा गेल्या. मधल्या ऑक्टोबरमध्ये दर वाढले होते. इमॅजिन ४९९ झाला. नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा सूनबाईंनी फोन केला. त्यांनीही एक वही केली होती आणि तीत शाळेच्या नव्या वेळा, बुद्धिबळाचा वर्ग आणि मोकळे शुक्रवार लिहिले होते. मोकळे शुक्रवार सात निघत होते. “बाबा, या वर्षी पास नको. दोनदा साध्या तिकिटाने जाऊ. तुम्ही येणार असाल तेव्हा बघू,” असे त्या म्हणाल्या. मी त्यांना एवढेच सांगितले, की पहिल्या तिकिटाच्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडण्यापूर्वी नातीला एकदा विचारून घ्या.