पऱ्हाटीच्या भावकीतली जास्वंद

वारंगा फाटा म्हटलं की लोकांना इथली खिचडी आठवते. नांदेडहून येणाऱ्या गाड्या इथं थांबतात. पुढं एक रस्ता कळमनुरी-हिंगोलीला जातो आणि दुसरा हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडं. आमचं घर रस्ता सोडून आत, शेताला लागून. एका बाजूला हळद, दुसऱ्या बाजूला कपाशी, म्हणजे आमची पऱ्हाटी. देवाला घरचं फूल असावं एवढ्यासाठी मी अंगणात जास्वंद लावली आणि तिच्यापायी कापूस शिकले.

शेजारणीकडं मी बी मागितलं तर ती हसली. "बी कुठलं बाई, हिची काडीच लावायची." आपल्याकडच्या लाल जास्वंदीला सहसा बी धरतच नाही. आषाढात तिनं पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब काडी डोळ्याखाली तिरकी कापून दिली. खालची पानं काढून ती वाळू आणि कुजलेल्या शेणखतात खोचली, सावलीत ठेवली. मुळं धरल्यावर अंगणातल्या काळ्या मातीत हलवली.

पहिलं वर्ष बरं गेलं. पुढच्या पावसाळ्यात मात्र शेंडे पिवळे पडले. माझे सासरे झाडांच्या भानगडीत पडत नसत. फुलझाड म्हणजे बायकांचं काम. पण पिवळं पान दिसलं आणि ते थांबले. "खालची पानं पिवळी हायत का शेंड्याची?" मी म्हटलं, "शेंड्याचीच, मामा. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यात." "मग खत नको टाकू. भूक लागली असती तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती. हिला लोह भेटंना."

आपल्या भारी काळ्या जमिनीत चुनखडी असते. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळं ते मुळांना उचलता येत नाही. त्यात पावसाचं पाणी साचलं की मुळं आणखी गुदमरतात आणि उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी भर घालतं. हळदीवर आणि सोयाबीनवर हाच पिवळेपणा येतो, म्हणून मामांच्या तो ओळखीचा. हळदीच्या फवारणीतलं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घरात होतंच. 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम हिराकस, वर थोडं लिंबाचं सत, आणि ऊन उतरल्यावर फवारा. नवी पानं हिरवी आली. बुडाशी पाणी साचू नये म्हणून मी आळं उंच केलं आणि मुरूम मिसळला.

त्यानंतर मामा रोज एक चक्कर मारू लागले. एकदा त्यांनी उमललेलं फूल तोडलं, मधली दांडी दाखवली. परागांचे बारीक दाणे एका नळीभोवती चिकटलेले. "भेंडीचं फूल बघ, अंबाडीचं बघ, पऱ्हाटीचं बघ. समद्यांत हीच नळी. अगं, ही पऱ्हाटीचीच भावकी हाय." वनस्पतिशास्त्रही हेच सांगतं: ही सगळी एकाच कुळातली झाडं.

भावकी म्हटली की रोगराईही वाट्याला आली. मे महिन्यात उमलायच्या आधीच कळ्या गळायला लागल्या, तेव्हा मामांनी त्याला सरळ पातेगळ म्हटलं. कपाशीतही पाण्याची ओढ बसली किंवा एकदम भरपूर पाणी झालं की पाती गळतात. उपाय एकच, ओल एकसारखी ठेवायची. हळद काढण्याआधी कापलेला पाला बांधावर पडून असतो. तो मी बुडाशी जाड पसरते. चाळिशीपार उन्हातही खालची माती ओलसर राहते.

खरा त्रास पिठ्या ढेकणाचा. कापसावरचा हा पांढरा, पिठूळ किडा 2006-07 च्या सुमारास महाराष्ट्रात फार माजला होता. पुढं त्याच्या अंगात अंडी घालणाऱ्या एका इवल्याशा परोपजीवी कीटकानं त्याला बराच आवर घातला. आमच्याकडं तो हिवाळा सरताना यायचा: कपाशी वाळली की तिकडचं बिऱ्हाड जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर. चिकट गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करायच्या. मी भरलेले शेंडे कापून जाळायची, पाण्याच्या जोरानं झाड धुवायची, निंबोळी अर्क मारायची. चार दिवस बरं, पुन्हा तेच.

एका संध्याकाळी मामा म्हणाले, "झाड काढून टाक. पुढच्या सालच्या पऱ्हाटीला हेच कीड पुरवंल." मी म्हटलं, "मामा, कीड आधी तुमच्या फरदडीतून येते. वेचणी संपल्यावरही चार बोंडांच्या आशेनं मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवता. बोंडअळीला तरी दुसरं काय लागतं?" गुलाबी बोंडअळीचा फेरा तोडायला फरदड घेऊ नका, हे कृषी खात्याचे लोक सांगून थकले होते. मामांनी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. माझंही लगेच ऐकलं नाही. फरदडीतून किती क्विंटल येतं आणि फवारणीला किती पैसे जातात, याचा हिशेब त्यांनी स्वतः मांडला.

पुढच्या हंगामात डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाट्या उपटल्या, बारीक करून रानातच कुजवल्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण तुरळक आला आणि हातानं निघाला. बोंडअळीचं श्रेय मी घेणार नाही. तिला गावानं मिळून फरदड सोडावी लागते. पण आमच्या घरापुरतं ठरलंय: जास्वंद राहणार, फरदड नाही.