गॅलरीतला निवडुंग आणि तांबड्या रंगाचा हिशेब

सेवानिवृत्तीनंतर बागकामाचा छंद जडलेल्या माणसाने गुलाब-मोगरा सोडून फड्या निवडुंग लावावा, याचे आप्तेष्टांना नवल वाटते. ‘काटेरी झाड घरात नको’ हा आक्षेप आमच्याही घरी आला होता. परंतु नवी मुंबईतील आमच्या पश्चिमाभिमुख गॅलरीत दुपारनंतर जे ऊन येते, त्यात नाजूक रोप टिकत नाही. शिवाय महिनाभर मुलीकडे गेलो तरी शेजाऱ्यांना पाणी घालण्याची तसदी द्यावी लागत नाही.

या वनस्पतीचा स्वभाव व्यापारी कुटुंबांना सहज कळावा असा आहे. मिळकतीच्या काळात साठवायचे आणि टंचाईत जपून खर्चायचे, हे तिचे धोरण. ज्याला आपण पान समजतो तो फडा म्हणजे वस्तुतः खोड. खरी पाने काट्यांच्या रूपात आक्रसली आहेत. इतर झाडांची रंध्रे दिवसा उघडतात, निवडुंगाची रात्री. त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही.

लागवड सोपी आहे. निरोगी फडा सांध्याशी कापून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावा. जखम सुकली की मातीच्या कुंडीत खोचावा. निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा पुरे. कुंडीचे छिद्र मात्र मोकळे हवे. उन्हाळ्यात आठवड्याने आणि हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी, माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. आपल्याकडे खरा धोका पावसाळ्याचा. जूनपूर्वीच कुंडी छपराखाली घ्यावी. चातुर्मासात निवडुंगाचाही उपवास, असे मी नातवंडांना सांगतो. मोठ्या काट्यांपेक्षा ठिपक्यांतील बारीक कुसे अधिक त्रास देतात. ती बोटांत शिरली तर चिकटपट्टी लावून ओढावी.

दोन वर्षांपूर्वी फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले. नातवाने काडीने एक पुंजका खरवडला, तो काडी लालभडक झाली. ‘आजोबा, झाडाला रक्त आहे?’ असे त्याने विचारले. तो रंग झाडाचा नव्हता. कापसाखाली दडलेल्या जीवांचा होता. या कीटकाला कोचिनियल म्हणतात.

त्याचा इतिहास आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. मेक्सिकोतील या जातीच्या कीटकांपासून मिळणाऱ्या किरमिजी रंगाला युरोपात मोठा भाव होता. वाळवलेल्या एक पौंड मालात सुमारे ७०,००० कीटक भरतात, असे सांगतात. हा नफा आपल्याकडे वळवावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनी प्रयत्नशील होती. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून कलकत्त्याला कीटक आणले. पण ते निराळ्या, हलक्या जातीचे निघाले. रंगाचा धंदा बसला नाही. कीटकांनी निवडुंग मात्र फस्त केला. पुढे १९२६ मध्ये याच कुळातील दुसरी जात श्रीलंकेतून मुद्दाम आणली गेली आणि पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातील सुमारे ४०,००० हेक्टर जमीन निवडुंगमुक्त झाली.

आजही परदेशी मिठाई, पेये आणि लिपस्टिकच्या वेष्टनावर ‘कार्माइन’, ‘कोचिनियल’ किंवा ‘ई १२०’ असे लिहिलेले असते. तो हाच रंग. खरेदी करताना चश्मा लावून एवढे अवश्य वाचावे.

आमच्यापुढे प्रश्न होता तो गॅलरीतील जीवांचा. रोपवाटिकेत औषध सुचवले गेले. सौ. म्हणाल्या, ‘झाड गेले तरी चालेल, फवारणी होणार नाही.’ मला झाडही सोडवत नव्हते, तोही जीवच. अखेर कीड लागलेले तीन फडे कापून खोक्यात ठेवले आणि सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावी, माळावरच्या जंगली निवडुंगाला टेकवून आलो. तेथे हा कीटक आधीपासूनच होता. प्रवासात एकही जीव गेला नसेल, असे मी म्हणणार नाही. स्थावर जीव राखायचा की त्रस, या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. विवेकाने जेवढी हिंसा टळेल तेवढी टाळावी, एवढेच गृहस्थाच्या हाती असते. आता दर रविवारी फडे नीट पाहतो आणि नवे रोप महिनाभर वेगळे ठेवतो.

आणखी एक शंका अनेकजण विचारतात. गुजरातेत याची लाल बोंडे ‘फिंडला’ म्हणून ओळखली जातात आणि त्यांचे सरबत बाजारात मिळते. ते घ्यावे काय? शास्त्रात थोर अनंतकायांत गणला आहे. गुजरातीत निवडुंगालाही ‘हाथलो थोर’ म्हणतात. परंतु वनस्पतिशास्त्राप्रमाणे चीक गळणारा थोर वेगळ्या कुळातला आणि हा अमेरिकेतून आलेला निवडुंग वेगळ्या. फळात मात्र बिया पुष्कळ असतात. म्हणून बहुबीजाचा विचार करणाऱ्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारूनच निर्णय करावा. आमच्या घरी बोंडे झाडावरच राहतात.

यंदा उन्हाळ्यात आमच्या निवडुंगाला पिवळी फुले आली. ज्या सौ. आरंभी त्याला घरात घेण्यास तयार नव्हत्या, त्याच आता जून लागण्याआधी कुंडी आत घेण्याची आठवण करून देतात.