पिवळा दिवा

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना तिथल्या रस्त्यांविषयी वेगळे सांगायला नको. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस कोसळू लागला, की डांबर वाहून जाते आणि खडी तेवढी मागे राहते. अशा मुलखात मी नवी डिझेल मोटार घेतली. डिझेल स्वस्त, एवढाच माझा हिशेब. घरापासून शाळा अवघी चार किलोमीटर.

काही महिन्यांनी समोरच्या तक्त्यावर एक पिवळा दिवा लागला. गाडी नीट चालत होती, म्हणून मी दुर्लक्ष केले. पुढे मार्चमध्ये एस.एस.एल.सी.च्या पहिल्याच पेपरला सकाळची बस आली नाही. तीन मुलींना गाडीत घेऊन मी केंद्राकडे निघालो. अर्ध्या चढावर गाडीचे अवसानच गळाले. इंजीन चालू, पण वेग वाढेना. मागच्या सीटवर एकीला रडू फुटले.

तेवढ्यात गावच्या मेस्त्रीची जुनी जीप मागून आली. त्याने मुलींना केंद्रावर पोचवले तेव्हा घंटा व्हायला पाच मिनिटे होती. परत येऊन त्याने माझ्या गाडीचे बॉनेट उघडले, कान लावला आणि पुन्हा मिटले.

"सर, जुन्या गाडीचा आवाज ऐकला की दुखणं कळतं. हिला काय झालंय ते हिलाच ठावं. तिचं बोलणं वाचायचं यंत्र माझ्याकडं न्हाई."

गाडी ओढून बेळगावला न्यावी लागली. तिथे यंत्र जोडताच निदान झाले. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यांच्या पूर्ततेसाठी डिझेल मोटारीच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी बसवतात. साचलेली काजळी जाळायला सुमारे सहाशे अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे तरी सलग वेगात पळावी लागते. माझी बिचारी रोज चार किलोमीटर, तेही दुसऱ्या गिअरमध्ये! गाळणी तुंबली आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून आतल्या संगणकानेच शक्ती आवरती घेतली. दिवा हेच सांगत होता. पुस्तिकेतही ते लिहिले होते. मी ती उघडलीच नव्हती. मुलांना मात्र 'प्रश्न नीट वाचा' म्हणून आयुष्यभर बजावत आलो.

'जुने ते सोने' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्या जीपला ना एअरबॅग, ना एबीएस. चोर्ला घाटाच्या ओल्या वळणावर एकदम ब्रेक दाबायची वेळ आली, तर मुली माझ्याच गाडीत असाव्यात असे मला वाटेल. तक्रार तंत्राविषयी नाही. तंत्र खेड्यापर्यंत येते आणि त्याची विद्या शहरातच थांबते, ही खंत आहे. गाडी घेताना माझा रस्ता कसला, हे मला कुणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

आता दर रविवारी मी गाडी हमरस्त्यावर पळवून आणतो. स्टिअरिंगखाली जोडायचे, मोबाइलवर दोष दाखवणारे एक छोटे यंत्र आणून मेस्त्रीला दिले आहे. त्याने गाळणी साफ होत नाही, पण पुढे जावे की थांबावे, एवढे कळते. त्यावरची अक्षरे इंग्रजी. ती त्याचा नववीतला मुलगा वाचून दाखवतो. मेस्त्री आजही आधी कान लावतो, आणि मग मुलाला हाक मारतो.