चितार आळीतले लाकडी आंबे

सावंतवाडीला गेलात तर मोती तलावाजवळची चितार आळी जरूर पाहा. पांगाऱ्याच्या मऊ, हलक्या लाकडाची फळे आणि खेळणी इथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली. दोन लाकडी आंबे शेजारी धरा. एकाची लाली गडद, दुसऱ्याची फिकट, हातकामच ते! आपल्या झाडावरचे दोन आंबे तरी कुठे सारखे असतात?

घरी मुले चिपाडांचे बाहुलीघर करतात आणि भिंत तिरकी झाली की सगळेच मोडतात. मोडू देऊ नका. इवल्या वस्तूत सुतभर चूकही मोठी दिसते. हातभर लांबून पाहायला सांगा. लाकडाला चीर पडली तर भुशात सरस कालवून बुजवा, वाळल्यावर घासून रंग द्या. तिरके का होईना, घर पुरे होऊ द्या. पुढचे अधिक सरळ उभे राहील.