कानांतले संगीत आणि धाव

आष्टी-पाटोद्याच्या बाजूस, बालाघाटाच्या पठारावर पहाटे धावणाऱ्या भरतीच्या मुलांच्या कानांत हल्ली जी चिमुकली यंत्रे दिसतात, त्यांचा पूर्वज मी ऐन तारुण्यात कमरेला बांधून धावत असे. सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस आला. परंतु बीडसारख्या, त्या काळी रेल्वेचे दर्शनही नसलेल्या शहरात तो यावयास बराच काळ लोटला, आणि आला तोही मुंबईहून सुटीवर आलेल्या एका आप्तांच्या पिशवीतून. धावताना पावलागणिक कॅसेटची गती डळमळे व गायकाचा स्वर खालीवर होई. तरीही त्या डळमळत्या सुरांवर माझा जीव जडला होता, कारण लांब पल्ल्याच्या धावेतील जे एकाकीपण त्या वयात श्रमांहूनही दुःसह वाटते, ते त्यांच्या संगतीत सुसह्य होई. पुढे २००१ साली आयपॉड निघाला, मागाहून हलते भागच नसलेली यंत्रे आली, स्वर स्थिर झाला. मी धावण्यावरून चालण्यावर आलो, तरी ही सोबत सुटली नाही.

संगीताने श्रमांची जाणीव सौम्य होते, हे ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास काराजॉर्जिस यांनी दीर्घकाळ अभ्यासिले आहे. १९९८ साली बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानावर इथिओपियाच्या हाइले गेब्रसिलासीने २००० मीटरचा विक्रम केला, तोही तेथे वाजणाऱ्या आपल्या आवडत्या गीताच्या तालावर. तथापि, स्पर्धेत असे यंत्र अंगावर बाळगण्यास जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमावलीत सक्त मनाई आहे, आणि तो हुकूम मला मनापासून न्याय्य वाटतो. त्याच बर्मिंगहॅममध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटरच्या स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा आला. केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्या अवघा ०.०५ सेकंद पुढे होता. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरील उडी असलेल्या या शर्यतीत ज्याला प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून वाट काढावयाची, त्याने मागून येणाऱ्या पावलांचा कानोसा घ्यावयाचा नाही तर घ्यावयाचा कशाचा? वाहनाअभावी लहानपणी काही कोस धावत शाळा गाठणाऱ्या त्या मुलाजवळ कसलेही यंत्र नव्हते, याचे मला राहून राहून अप्रूप वाटते.

माझा पुतण्या सध्या पोलीस भरतीची तयारी करीत आहे. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारातच कारखान्याची वाट धरतात, आणि त्यांवरील गाण्यांच्या गजरात चालकास मागचापुढचा आवाज क्वचितच पोहोचतो. म्हणून रस्त्यावर एक कान मोकळा ठेवण्याचा शिरस्ता मी त्याला घालून दिला आहे. चाचणीचे १६०० मीटर तो मैदानावर घड्याळ लावून धावतो तेव्हा मात्र यंत्र माझ्या हाती देतो, कारण तेथे कोणत्या वळणावर वेग वाढवावा हे त्याला स्वतःच्या श्वासावरूनच ठरवावे लागते.