दुधनीचा मुक्काम

सोलापुराहून वाडीकडे जातांना अक्कलकोट रोड मागें पडलें, कीं थोड्याच वेळानें दुधनी येतें. महाराष्ट्राचें हें अगदीं टोंक. फलाटावर उतरावें तों एका कानांत मराठी शिरते व दुसऱ्या कानांत कानडी. बाजारांतील तुरीचा भाव मात्र दोन्ही भाषांत एकच! १८७१ सालीं हा लोहमार्ग रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गास मिळाला, आणि ह्या भागांतील यात्रांचें रूपच पालटलें.

दत्तजयंतीस गाणगापूरला जाण्याचा आमच्या घराण्याचा जुना रिवाज. सारे आप्त आधीं दुधनीस जमत, मग गाणगापूर रोड स्टेशनावर उतरून भीमा-अमरजेच्या संगमाकडे वळत. गाड्या मोजक्या, वेळा अडनिड्या. म्हणून दोन दिवस आधीं येणें व दोन दिवस मागें राहणें सर्वांसच भाग पडे. त्या सक्तीच्या मुक्कामांत मुलामुलींचीं स्थळें निघत, वांटणीचे रुसवे मिटत, उखळांत शेंगांची चटणी कुटली जाई. ही सारी सभा रेल्वेच्या वेळापत्रकानें भरविलेली होती, हें आमच्या लक्षांत फार उशिरां आलें.

मार्च २०२० मध्यें गाड्या थांबल्या. त्या आषाढींत पंढरीच्या पालख्यासुद्धां एस. टी. च्या गाडींत बसून गेल्या. तेथें आमची काय कथा! खरा पालट गाड्या पुन्हां धांवूं लागल्यावर जाणवला. वृद्धांची रेल्वेसवलत त्याच मार्चमध्यें गेली, ती पुढें कित्येक वर्षें परतली नाहीं. पॅसेंजरचें किमान भाडें १० रुपयांचें ३० झालें. तें फेब्रुवारी २०२४ मध्यें पूर्ववत् झालें खरें, पण तोंवर सत्तरी गांठलेले आमचे काका आगगाडीचें नांव काढीनासे झाले होते.

उलट एस. टी. नें ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांस मोफत व मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्ध्या भाड्यांत प्रवास दिला. घरांतील बायका हौसेनें निघूं लागल्या. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच! जून २०२३ पासून कर्नाटकानें आपल्या स्त्रियांस साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास दिला, तोही तिकडच्याच रहिवाशांस. म्हणून कलबुर्गीच्या आत्याबाई गाणगापूरला फुकट पोंचतात, आणि सोलापूरच्या वहिनींस हद्द ओलांडली कीं पुरें भाडें पडतें. गेल्या खेपेस वहिनी हंसत म्हणाल्या, "दत्तगुरूंना सांगा, मी दुधनीपर्यंत आलें होतें." हंसल्या खऱ्या, पण संगमावर कांहीं त्या आल्या नाहींत.

पुण्याची तरुण मंडळी तर आपल्या मोटारीनें थेट गाणगापूर गांठतात. दर्शन आटोपून संध्याकाळीं परत! दुधनीस चहापुरती थांबतात तीं पोरें. त्यांस नांवें ठेवण्याचा आमचा इरादा नाहीं, रजाच मिळत नाहीं त्यांना.

यंदा काकांनीं सर्वांस पत्रें धाडलीं आहेत. मुक्काम दुधनीस दोन रात्रींचा. वहिनींचें पुढचें भाडें घरच्या खर्चांतून. आणि परतीच्या गाडीची वेळ पहिल्या दिवशीं कोणीं विचारूं नये, असें खालीं तांबड्या शाईनें लिहिलें आहे.