डाग
‘सर, आतां तुमचा ब्रँड झाला पाहिजे!’ असें माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, तेव्हां मला प्रथम गुरेंच आठवलीं. तापल्या लोखंडानें जनावराच्या अंगावर मालकाची खूण उठवावयाची, हाच त्या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ. पुढें १९९७ सालीं टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकानें प्रत्येकानें स्वतःचाच ब्रँड घडवावा असें लिहिलें, आणि मालक व जनावर एकच झालीं! रघुनाथराव परांजपे १८९९ मध्यें केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. ‘रँग्लर’ ही खूण मात्र त्यांना लोकांनींच आपण होऊन चिकटविली.

पण मोह कोणाला सुटला आहे? मीं लिंक्डइनवर खातें उघडलें. अर्धी भाकरी, मग उरलेल्या भाकरीची अर्धी, असे तुकडे जोडीत गेल्यास बेरीज एकाच्या कितीहि जवळ नेतां येते. गणितांतील सीमेची कल्पना वर्गांत अशी शिकवावी, असें तेथें लिहिलें. तीन दिवस वाहवा चालली होती. अपरिचित प्राध्यापकांनीं ओळख जोडली. व्याख्यानाचें एक आमंत्रणहि आलें. पत्नीला तें मीं दोनदां वाचून दाखविलें.

ती भाकरी माझी नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षीं एका वडील सहकाऱ्यांच्या वर्गाबाहेर उभा राहून ती मीं ऐकली होती. त्यांचें नांव लिहावयाचें विसरलों म्हणूं? विसरलों नव्हतों, लेखाची ऐट कमी होईल असें वाटलें.

चौथ्या दिवशीं त्यांचाच अभिप्राय आला : ‘छान लिहिलेंत. मी मात्र पोळी घेत असें.’

त्याच रात्रीं मजकुरांत मीं त्यांचें नांव घातलें. वाहवा करणारे तोंपर्यंत केव्हांच पुढें निघून गेले होते.